आमची गोलकीपर आणि हुकलेल्या फायनल्स

आमच्या इथल्या युनिव्हर्सिटीच्या मुलींची सॉकर टीम त्या वर्षी फायनल्सपर्यंत का पोचली नाही, याची एक गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या मराठी घरांमध्ये अजून सांगतात. शेवटच्या मॅचच्या आधी टीमची गोलकीपर सिडनीला पार्टीला गेली, तिथून कोविड घेऊन आली आणि निम्म्या टीमला वाटला, अशी ती गोष्ट. सांगणाऱ्यांमध्ये मीही होतो. एका गणपतीत, जेवणं चालू असताना, मी ती हातवारे करून सांगितली होती. लोक हसले होते. "गोऱ्यांना पार्टीशिवाय चैन पडत नाही," असं कोणीतरी म्हणालं, आणि मी त्यालाही हसलो होतो.

ती गोष्ट खोटी आहे, आणि खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या मुलीच्या नावाला जो डाग लागला तो माझा होता. आता वय झालं आहे. ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली, त्यांच्यातले काही मेलबर्नजवळ टार्निटला गेले, काही ब्रिस्बेनला, आणि ती गोष्टही बरोबर घेऊन गेले. म्हणून हे लिहितो आहे.

मी इथे आलो तो तीन महिन्यांसाठी. बायको गेल्यानंतर पिंपरीचं घर खायला उठायचं. लेक म्हणाली, "बाबा, थोडे दिवस या तर खरं." आलो, आणि महिन्याभरात विमानं बंद झाली. परतीचं तिकीट आधी पुढे ढकललं, मग रद्द झालं, मग तिकिटाचा विषयच कोणी काढेना. व्हिसा वाढत गेला. असं करता करता मी इथलाच झालो.

लेक हॉस्पिटलात एक्स-रे काढण्याच्या विभागात, जावई सिडनीला नोकरीला. नातीचं युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष. ती डाव्या बाजूची बचावपटू होती. पहिल्या हिवाळ्यात प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. मग आम्ही कुंपणाबाहेर गाड्या लावायचो आणि काचेतून मॅच बघायचो. आमच्या टीमने गोल केला की सगळ्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. दुसऱ्या टीमने केला की एकदम शांतता. मला सॉकरमधलं काही कळत नव्हतं. हॉर्न वाजवण्याचं काम मात्र लेकीने माझ्याकडे दिलं होतं, आणि आठवडाभर मी त्याची वाट बघायचो.

इथे लीग संपली की पहिल्या चार टीम फायनल्स खेळतात. बाकीच्यांचा सीझन तिथेच संपतो. युनिव्हर्सिटीच्या मुली त्या चारांत आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही तिसऱ्या नंबरवर होतो आणि फायनल्स अगदी समोर दिसत होत्या. मग सिडनीबरोबर आमचंही लॉकडाऊन लागलं आणि सीझनच रद्द झाला. नात आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही. गोलकीपरने म्हणे किट बॅग उघडलीच नाही, तशीच कपाटात टाकली. तिसरा हिवाळा दोघींचा शेवटचा होता. दोघींची डिग्री त्याच वर्षी संपणार होती.

गोलकीपर आतल्या भागातली होती, इथून गाडीने सातआठ तासांवरच्या एका लहान गावातली. आईवडील शेतीवर, त्यामुळे मॅचला तिचं म्हणून कोणी नसायचं. नर्सिंग शिकायची आणि खर्चासाठी एका वृद्धाश्रमात काम करायची. उंच, लांब हातांची, आणि मैदानावर भयंकर ओरडणारी. मॅच नसेल तेव्हा इतकी हळू बोलायची की मला कान पुढे करावा लागायचा. तिच्याकडे गाडी नव्हती, म्हणून आम्ही तिला जाताना उचलायचो. नातीचं ऐकून तीही मला आबा म्हणायला लागली.

तिसऱ्या हिवाळ्याची सुरुवात वाईट झाली. ओळीने मॅच हरलो. मग एका रविवारी निघताना मी नातीच्या हातावर दही-साखर ठेवली. तिची आजी परीक्षेच्या दिवशी तिच्या आईला द्यायची, त्याच सवयीने. मागच्या सीटवरून गोलकीपरने विचारलं, "आबा, हे काय?"

"महत्त्वाच्या कामाला निघालं की द्यायचं असतं," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

"मी पण महत्त्वाच्या कामालाच निघालेय," म्हणत तिने हात पुढे केला. त्या दिवशी तिने एक पेनल्टी अडवली आणि आम्ही जिंकलो.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये तिघी आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सगळी टीम रांगेत उभी. थंडीत दही लागत नसे, म्हणून मी आदल्या रात्री विरजण लावून भांडं ओव्हनमध्ये ठेवायचो, नुसता आतला दिवा चालू ठेवून. लेक म्हणायची, "बाबा, या दिव्याचं बिल युनिव्हर्सिटीला पाठवा." आम्ही जिंकत गेलो. कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसणाऱ्या आमच्या टोळक्याने माझं नाव 'योगर्ट' ठेवलं. त्या टोळक्याचा म्होरक्या एक मॅसेडोनियाचा म्हातारा होता. उमेदीची सगळी वर्षं इथल्याच पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये घालवलेला. त्याची नात कधीकाळी या टीममधून खेळायची. ती सोडून गेली, हा येतच राहिला. रेफरीला शिव्या देण्याचा मान त्याचा.

"योगर्ट, आज जास्त साखर घातलीस ना?" तो विचारायचा.

"आज वरच्या नंबरची टीम आहे. दुप्पट घातलीय."

"गुड मॅन."

हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी, की मी काय गमवायला घाबरलो ते कळावं. घरी मला प्रत्येक गोष्टीला लेक लागायची. डॉक्टरकडे, दुकानात, टीव्हीवर मराठी चॅनेल लावायला. रस्त्यात कोणी काही विचारलं तर मी नुसता हसायचो. त्या मैदानावर मात्र वीस-बावीस वर्षांच्या मुली माझी वाट बघायच्या. मी नाही आलो तर टीम हरेल असं त्यांना वाटायचं. आणि हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

शेवटून दुसऱ्या मॅचच्या आधी, एका ओळखीच्या घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या वेळी माझ्या शेजारचे गृहस्थ खोकत होते. शनिवारी संध्याकाळी माझा घसा धरला. रविवारी सकाळी अंग कसकसत होतं. लेकीच्या ते लक्षात आलं.

"बाबा, आवाज बसलाय तुमचा. टेस्ट करा आधी. मगच ग्राउंडवर."

त्या वेळी घरोघरी त्या टेस्टची पाकिटं असायची. मी बाथरूममध्ये गेलो. पाकीट फोडलं, नळीत काडी बुडवली आणि थेंब पट्टीवर टाकले. काडी नाकात घातलीच नाही. अर्थातच एकच रेघ आली. ती पट्टी मी बेसिनच्या कडेला लेकीला दिसेल अशी ठेवली, तापाची गोळी घेतली आणि दह्याचं भांडं घेऊन गाडीत जाऊन बसलो. लेकीने पट्टी बघितली आणि म्हणाली, "चला, बरं झालं." मी उभा जन्म कारखान्यात सुपरवायझर म्हणून लोकांच्या लबाड्या पकडण्यात घालवला होता. माझी कोणी पकडली नाही.

त्या दिवशी पाऊस होता. पार्किंगमध्ये उभं राहायची सोय नव्हती, म्हणून कोचने मला कपडे बदलायच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोलावलं. कोच म्हणजे एका शाळेत व्यायाम शिकवणारी बाई, कमी बोलणारी. खिडक्या बंद. पत्र्यावर इतका आवाज होता की बोललेलं ऐकू जात नव्हतं. मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि एकेकीजवळ वाकून, हातावर चमचा ठेवत, काही ना काही बोलत गेलो. गोलकीपर शेवटी होती. तिने नेहमीसारखा खालून माझ्या मनगटाला हाताचा आधार दिला आणि थबकली.

"आबा, तुमचा हात केवढा गरम आहे."

"दोन स्वेटर घातलेत," मी म्हणालो.

ती हसली, दही खाल्लं आणि ग्लोव्ह्ज चढवले. आम्ही जिंकलो. आता शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी केली तरी फायनल्स पक्क्या होत्या. मॅसेडोनियाच्या म्हाताऱ्याने मला भर पावसात मिठी मारली.

बुधवारी सकाळी गोलकीपरची टेस्ट पॉझिटिव्ह आली. वृद्धाश्रमात कामावर जायच्या आधी तिला रोज टेस्ट करावी लागायची, त्यामुळे तिला सगळ्यांच्या आधी कळलं. तिने लगेच कोचला कळवलं आणि टीमच्या ग्रुपवर लिहिलं, सगळ्यांनी टेस्ट करा म्हणून. मग बाकीच्यांनी केल्या. गुरुवार, शुक्रवार करता करता निम्मी टीम घरात बसली. माझी नातही. नातीचं कळल्यावर लेकीने सगळ्या घराच्या टेस्ट स्वतः समोर उभं राहून करवल्या, आणि माझी दुसरी रेघ पहिलीपेक्षा ठळक आली.

"आबांना तुझ्याकडून आला बघ," लेक दाराबाहेरून नातीला म्हणाली.

"आणि मला कीपरकडून," नात आतून म्हणाली. "शी वॉज ॲट सम पार्टी फ्रायडे. सिडनीला, बहिणीच्या बर्थडेला."

आणि इथेच ती गोष्ट तयार झाली. जिने पहिल्यांदा खरं सांगितलं, तिच्यापासूनच सगळं सुरू झालं असं सगळ्यांनी धरलं. मी माझ्या खोलीत पलंगावर बसून हे ऐकत होतो. तेव्हा बोललो असतो तर तिथेच थांबलं असतं.

शेवटची मॅच मी आणि नातीने आपापल्या खोलीत फोनवर पाहिली. कोणाचे तरी वडील कुंपणाजवळून व्हिडिओ पाठवत होते. टीममध्ये खालच्या टीममधून उसन्या घेतलेल्या मुली होत्या, आणि गोलमध्ये ग्लोव्ह्ज घातलेली एक फॉरवर्ड. नातीच्या फोनवर व्हिडिओ माझ्यापेक्षा थोडा पुढे चालत होता. त्यामुळे प्रत्येक वेळी आधी मला भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, आणि मग माझ्या फोनवर ते घडायचं. एक-एक अशी बरोबरी होती. मॅच संपायला थोडा वेळ उरला असताना भिंतीपलीकडून "नो, नो, नो" असं ऐकू आलं. मी फोन उलटा ठेवला. तो गोल मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

सगळे बरे झाल्यावर मैदानावर सीझन संपल्याची पिकनिक झाली. बार्बेक्यूवर सॉसेज, ब्रेड, परतलेला कांदा. गोलकीपर आली होती. नळापाशी एकटी उभी होती, हातात प्लेट. तिच्या आणि बाकी मुलींच्या मध्ये चांगलं मोठं अंतर होतं. आमच्या टोळक्यात तोच विषय चालला होता. मॅसेडोनियाचा म्हातारा मोठ्याने बोलणारा माणूस. तिला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "एक रात्र पार्टी. एक रात्र दम निघाला नाही." मग माझ्याकडे वळून, "तू तर तिच्या हातावर दही ठेवलंस, योगर्ट. तुलाही तिनेच दिला असणार."

मी मान वर केली. नळापासून ती माझ्याकडेच बघत होती. आणि मी होकारार्थी मान हलवली.

मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या. बऱ्याचशा घाईत, काही रागात. ही एकच अशी, की जी करताना मी काय करतोय ते मला स्वच्छ कळत होतं.

ती पिकनिक अर्धी टाकून गेली. डिग्रीच्या समारंभात नात आणि ती एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी ती दुसरीकडे कुठे खेळेल असं वाटलं होतं. पण तिने खेळच सोडला असं कळलं. मी गणपतीत गोष्ट सांगितली ती त्याच वर्षी. स्वतःशी मी म्हणायचो, हा रोग कोणाकडून कोणाला गेला ते कोणीच सिद्ध करू शकत नाही. पार्टीत तिलाही लागला असेल. नसेलच कशावरून? या वाक्याच्या आड मी काही वर्षं काढली.

या हिवाळ्यात नात सिडनीहून सुट्टीला आली होती. आता ती तिथेच नोकरी करते. दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघं मटार सोलत होतो. जुन्या खेळाडूंची एक मॅच ठरत होती, त्याचे मेसेज ती मला वाचून दाखवत होती. वाचता वाचता हसली.

"आबा, ऐक. ही म्हणते, सगळ्यांना बोलवा, फक्त कोविड कीपर नको."

मी मटार सोलायचं थांबलो. "तिचा काही दोष नव्हता," मी म्हणालो.

"हो, यू नो, इट वॉज अ लाँग टाइम अगो—"

"तसं नाही. माझा होता." आणि मग मी तिला सगळं सांगितलं. प्रसाद, घसा, बाथरूम, कोरडी काडी, शेड. नळापाशी तिने माझ्याकडे बघितलं होतं तेही.

नातीने हातातली शेंग ताटात टाकली. मग इंग्रजीत सुरू झाली. तिला राग आला की मराठी सुटते. "आय वॉज हॉरिबल टू हर, आबा. शी वॉज माय बेस्ट फ्रेंड. तिने मला फोन केले आणि मी उचलले नाहीत."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत होतं आणि तू मला करू दिलंस?" तिने समोरचं ताट बाजूला सारलं. "मला का सांगतोस? तिला सांग. आय विल ड्राइव्ह."

तिने दोन दिवस तिला शोधलं, मेसेज केला, आणि तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ती किनाऱ्याने खाली, दक्षिणेच्या एका गावात हॉस्पिटलमध्ये नर्स होती. शनिवारी सकाळी तिथल्या लहान मुलींना गोलकीपिंग शिकवायची. या म्हणाली. नातीने गाडीत सबंध रस्ताभर रेडिओ चालू ठेवला, म्हणजे बोलावं लागू नये.

मैदानाच्या कडेच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. समोर आठ-नऊ वर्षांच्या मुली चेंडूवर उड्या मारत होत्या. मी वाक्यं पाठ करून गेलो होतो. ती विसरलो. म्हणालो, "त्या रविवारी मला ताप होता. मी टेस्ट खोटी केली होती."

"ताप होता ते मला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज तसाच, हळू. "मी वृद्धाश्रमात काम करायचे, आबा. म्हाताऱ्या माणसांचे हातच धरायचे मी दिवसभर."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कोणाला? सगळ्यांचं ठरलं होतं." तिने नातीकडे पाहिलं. "आणि तुम्ही हिचे आबा. मी बोलले असते तर एका म्हाताऱ्या माणसावर ढकलतेय असं झालं असतं. मला वाटलं, तुम्ही सांगाल. पिकनिकच्या दिवशी मी त्याची वाट बघत होते."

"तू बघत होतीस ते मी पाहिलं."

"हो. आणि मग तुम्ही सॉसेजकडे बघायला लागलात. तुम्ही तर सॉसेज खातही नाही."

नात एकदम हसली आणि तिला तसंच रडू आलं. गोलकीपर हसली नाही.

मग तिने आणखी एक सांगितलं, जे मला माहीत नव्हतं. शुक्रवारी बहिणीच्या वाढदिवसाला ती गेली होती ते खरं. पण शनिवारी तिची ड्यूटी होती, तेव्हा टेस्ट केली. रविवारी मॅचला निघायच्या आधी मुद्दाम पुन्हा केली, कारण फायनल्स जवळ आल्या होत्या आणि आपल्यामुळे काही व्हायला नको असं तिला वाटलं. दोन्ही निगेटिव्ह. सोमवार, मंगळवारीही निगेटिव्ह. रविवारच्या टेस्टचा फोटो तिने नंतर कोचला दाखवला होता. पुढे काही झालं नाही.

मी माफी मागितली. इथे कोणाच्या पायावर पाय पडला तरी माणसं 'नो वरीज' म्हणतात. ती तसं म्हणाली नाही. समोरच्या एका मुलीला तिने गुडघे वाकवायला सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"मी माफ केलं की नाही मला माहीत नाही. विचार करीन. पण मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"सगळ्यांना?"

"ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांना."

निघताना नात आणि ती गाडीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मी आत बसून राहिलो. काय बोलल्या ते विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी मैदानावर गेलो. टीममधल्या मुली आता वेगळ्या आहेत, कुंपणाजवळच्या खुर्च्या मात्र त्याच. मॅच सुरू व्हायच्या आधी मी म्हणालो, मला काही सांगायचं आहे, आणि उभ्यानेच सांगितलं. इंग्रजी अडखळलं तिथे नातीने शब्द दिला, त्यापलीकडे मदत केली नाही. कोच जवळच चेंडूंची जाळी सोडत होती. तिने हात थांबवले.

मग मॅसेडोनियाचा म्हातारा शांतपणे म्हणाला, "यू आर अ बास्टर्ड, योगर्ट."

"हो," मी म्हणालो.

तो मैदानाकडे बघत राहिला. "त्या मुलीला ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम मोठ्याने बोललो होतो," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने रेफरीला एकही शिवी दिली नाही, आणि मॅच संपल्यावर नातीकडे गोलकीपरचा नंबर मागितला. त्याला फोनवर मेसेज लिहिता येत नाहीत. तो फोनच करणार होता.

कोच शेवटी माझ्याजवळ आली. "तिने मला फोटो दाखवला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, अशा टेस्ट काय, कोणीही खोट्या करू शकतं." एवढं बोलून ती चेंडू उचलायला गेली. तिनेही त्याच आठवड्यात फोन केला असं नात म्हणाली. जुन्या खेळाडूंच्या मॅचचं बोलावणं गोलकीपरला गेलं. ती येणार की नाही ते तिने अजून कळवलेलं नाही. नातीने ग्रुपवर सगळं लिहिलं, माझ्या नावासकट. मीच तसं सांगितलं होतं.

उरले आपले लोक. लेकीला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिला सगळ्यात जास्त लागलं ते बेसिनवरच्या पट्टीचं. "मी हॉस्पिटलमध्ये जात होते बाबा, रोज, आजारी माणसांत," एवढंच म्हणाली, आणि काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिचा राग बरोबर होता. गणपतीच्या पंगतीत जे हसले त्यांच्यापैकी जेवढे भेटले तेवढ्यांना तोंडी सांगितलं. काहीजण म्हणाले, "जाऊ द्या हो काका, एवढं काय त्यात, सगळ्यांनाच झाला होता." त्यांना मी तिच्या चार टेस्टचं पुन्हा सांगितलं. जे लांब गेले त्यांच्यासाठी हा मजकूर.

छापायला द्यायच्या आधी नातीने हा सगळा मजकूर गोलकीपरला फोनवर इंग्रजीत सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच बदल सुचवला. मी एका ठिकाणी लिहिलं होतं, की ती गोलमध्ये असती तर तो शेवटचा गोल झाला नसता आणि आपण फायनल्स खेळलो असतो. तिने तो गोल नंतर बघितला आहे. बचाव करणाऱ्या मुलीच्या पायाला लागून चेंडू दिशा बदलून आत गेला. "तो माझ्याकडूनही सुटला असता. आबांना सांग, ते वाक्य काढा," ती म्हणाली. ज्या मुलीच्या पायाला लागला तिने उगाच मनाला लावून घेऊ नये.

ते वाक्य मी काढलं आहे.